पाठीवरचे बिऱ्हाड

आमच्या मेहुण्यांनी नवी गाडी घेतली ती दसऱ्याच्या मुहूर्तावर, दोन वर्षांपूर्वी. मेहुणे म्हणजे आमच्या मंडळींचे धाकटे बंधू. कागदोपत्री त्यांचे नाव मोठे भारदस्त आहे, बँकेत हुद्दाही तसाच आहे. पण घरात त्यांना सगळे बाबू म्हणतात. मी आपला मेहुणेपणाचा मान राखून बाबूराव म्हणतो.

तर दसऱ्याच्या दुपारी बाबूराव गाडी दाखवायला आले आणि आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी गॅलरीत जमा झाली. गाडी उंच होती, दणकट होती, डोंगरदऱ्यांत कुठेही जाईल अशी होती. पण लोक पाहत होते ते गाडीकडे नव्हे, गाडीला लटकवलेल्या वस्तूंकडे. टपावर लोखंडी जाळीचा कॅरिअर. त्याच्यावर एक फावडे आणि एक कुऱ्हाड आडवी आवळलेली. मागच्या दाराला स्टेपनी आणि तिच्या शेजारी टपावर चढायची शिडी. डाव्या कुशीला दोन कॅन, एक हिरवा आणि एक तांबडा. उजव्या कुशीला भोके-भोके असलेल्या नारिंगी रंगाच्या दोन लांबलचक पट्ट्या. झेंडूचा हार घालायला जागा उरली नव्हती. तो बिचारा शिडीच्या दुसऱ्या पायरीला लोंबकळत होता.

आमच्या मंडळींनी गाडीला ओवाळले, कुंकू लावले, आणि निरांजन खाली ठेवता ठेवता विचारले, "अरे बाबू, हे सगळं आत मावत नाही का रे?"

"ताई, हे बाहेरच असतं," बाबूराव म्हणाले. "रस्ता सोडून जाणाऱ्या गाड्यांना असंच असतं."

"असंच असतं ते दिसतंय. पण का?"

बाबूरावांनी माझ्याकडे पाहिले. मराठीचा प्राध्यापक असण्यातला हा एक धोका आहे. जे जे कुठेतरी छापलेले असेल ते ते मला ठाऊक असलेच पाहिजे अशी आमच्या नातेवाइकांची समजूत आहे. "भावोजी, तुम्ही सांगा हिला," असे म्हणून त्यांनी फराळाची बशी पुढे ओढली. मला काही सांगता आले नाही. "पाहून सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे खरोखरच पाहायला लागलो. आज सदरात जे लिहितो आहे ते त्या पाहण्यातून निघाले आहे. थोडे त्यातून, आणि थोडे पुढे जी फजिती झाली तिच्यातून.

प्रथम मला वाटले, यात नवे ते काय? सामान बाहेर बांधण्यात आपण कोणाला हार जाणार नाही. बैलगाडीच्या पोटाखाली कंदील टांगलेला असे, आसाला घालायचे वंगण नळीत भरून साट्याला अडकवलेले असे. वंगण आत ठेवले तर धान्याची पोती खराब, आणि वाटेत आस कुरकुरू लागला तर हात घालताच सापडायला हवे. आणि एस. टी.? १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस. टी. सुटली. तेव्हापासून कित्येक वर्षे तिच्या मागच्या अंगाला शिडी आणि डोक्यावर कॅरिअर हे दागिने होते. माझ्या लहानपणी मामाच्या गावाला जाताना टपावर ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, सायकली आणि कोंबड्यांच्या डालग्या चढलेल्या मी पाहिल्या आहेत. घाटात गाडी वळली की खालच्या उतारूंचे प्राण टपावर असत. कारण सगळ्यांचे लोणचे वर होते.

पण एस. टी.च्या टपावरचे सामान आत जागा नाही म्हणून वर जाई. बाबूरावांच्या गाडीत मागे आख्खी खोली रिकामी होती. तेव्हा त्यांच्या वस्तूंचे कूळ दुसरे. ते शोधत गेलो तो थेट लिबियाच्या वाळवंटात पोहोचलो.

राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. १९२० नंतरच्या दशकात तो इजिप्तमध्ये नोकरीला असताना सुट्टी मिळाली की दोस्तांना घेऊन वाळवंटात मोटारी घालायचा. मोटारीही कोणत्या, तर फोर्ड कंपनीच्या साध्या मॉडेल टी. उंट जिथे पाय ठेवायला कचरत तिथे हे लोक गेले, आणि गाडी वाळूत रुतली की काय करायचे हे रुतून रुतून शिकले. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालायला बनवलेल्या पन्हळीसारख्या पोलादी पट्ट्या होत्या. त्या यांनी बरोबर घेतल्या. चाक रुतले की चाकापुढची वाळू उकरायची, पट्टी सरकवायची, गाडी तिच्यावरून पाच फूट पुढे यायची, मग पट्टी उचलून पुन्हा पुढे. बाबूरावांच्या नारिंगी पट्ट्या त्या पोलादी पट्ट्यांची प्लॅस्टिकची नातवंडे आहेत.

दुसरी युक्ती याहून देखणी. त्या काळच्या मोटारींचे पाणी वाळवंटात उकळून वाफ होऊन निघून जाई, आणि तिथे पाणी म्हणजे जीव. बॅग्नोल्डने रेडिएटरची गळती-वाट बंद केली, एक नळी काढली, आणि ती गाडीच्या बाहेरच्या पायपाटावर बसवलेल्या, अर्ध्या पाण्याने भरलेल्या डब्यात सोडली. वाफ नळीतून डब्यात यायची, तिथल्या पाण्यात थंड व्हायची. इंजिन निवले की तेच पाणी आपोआप परत रेडिएटरमध्ये ओढले जायचे. आपल्याकडे चुलीवर अर्क काढणाऱ्या वैद्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. पण तो डबा बाहेरच हवा. आतल्या उष्णतेत वाफ निवायची कशी?

पुढे दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४० साली याच बॅग्नोल्डने कैरोत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' नावाची तुकडी उभी केली. शत्रूच्या मागे शेकडो मैल वाळवंटातून जायचे, टेहळणी करायची आणि परत यायचे, हे तिचे काम. पहिले गडी त्याने न्यूझीलंडच्या सैन्यातून निवडले. त्यांच्या शेव्हरोले ट्रकांची छायाचित्रे मी पाहिली आणि बाबूरावांची गाडी अगदीच विरक्त वाटू लागली! पट्ट्या, दोर, डबे, फावडी, बंदुका, गाठोडी यांच्यामधून ट्रक शोधावा लागतो. एका दमात अकराशे मैल जायचे आणि तीन आठवडे कोणाकडे काही मागायचे नाही, एवढे बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर असे.

मात्र हे बिऱ्हाड चढवण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती, आणि ती छायाचित्रात चटकन लक्षात येत नाही. त्यांनी त्या ट्रकांची दारे काढली, छप्पर काढले, पुढच्या काचा काढल्या. नको ते आधी उतरवले, आणि मग हवे ते चढवले. आपण नेमका यातला दुसरा अर्धा भाग उचलला.

या तुकडीशी आपलाही एक धागा आहे. १९४२च्या ऑक्टोबरात तिच्या जोडीला 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन' दिली गेली. सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हलरी, एटीन्थ कॅव्हलरी या आपल्या घोडदळाच्या पलटणींतले स्वयंसेवक तिच्यात होते: जाट, रजपूत, शीख, मुसलमान. वाडवडील घोड्यावर मांड टाकून लढलेले, आणि हे लिबियाच्या वाळूत ट्रकच्या चाकाखाली पट्ट्या सरकवीत होते. युद्धाच्या मोठ्या ग्रंथांत त्यांच्या वाट्याला फार ओळी येत नाहीत, म्हणून इथे चार लिहिल्या.

आता त्या हिरव्या-तांबड्या कॅनकडे वळू. याला जेरीकॅन म्हणतात. मराठीच्या माणसाला 'जेरीस आणणे' आठवल्यावाचून राहत नाही. पण आपला 'जेर' फारशीतून आला, आणि हा जेरी म्हणजे इंग्रज शिपायांनी जर्मनांना ठेवलेले टोपणनाव. जर्मनांचा कॅन तो जेरीकॅन. दोन्ही शब्दांचा संबंध काहीएक नाही. तरी इंग्रजांना त्या डब्यापायी जेरीस यावे लागले हे मात्र खरे.

त्याचे असे झाले. आफ्रिकेतल्या इंग्रज फौजेचे पेट्रोल चार गॅलनांच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून जाई. आपल्याकडे रॉकेलचे नि तेलाचे डबे येत, त्यांचेच भाऊबंद. ट्रकमध्ये एकमेकांवर रचले, दोन खड्डे खाल्ले, की सांध्यातून गळायला लागत. वाटेत सुमारे तीस टक्के पेट्रोल वाया जाते, असा हिशेब जनरल ऑकिनलेक यांनी केला होता. हेच ऑकिनलेक पुढे १९४३ साली हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. त्या डब्यांचा एकच चांगला उपयोग शिपायांना सापडला. डबा मधोमध कापायचा, अर्ध्या डब्यात वाळू घालायची, वर पेट्रोल ओतायचे, काडी लावायची आणि चहा करायचा.

जर्मनांचा डबा १९३७ साली तयार झालेला. वीस लिटरचा. पत्र्याचे दोन खोलगट अर्धे भाग दाबून काढलेले आणि मधोमध जोडलेले, त्यामुळे गळायला सांधे फारसे नाहीतच. अंगावर फुलीच्या आकाराची घडी. तिने पत्रा ताठ राहतो, आणि उन्हात आतले पेट्रोल फुगले तर डब्याला थोडे पोट सोडायलाही जागा मिळते. तोंडाला आटे नाहीत, खटका आहे. बोटाने उघडतो, बोटाने बंद होतो. ओतताना हवा आत जावी म्हणून तोंडात निराळी नळी. तोंड अशा ठिकाणी, की डबा उभा ठेवून काठोकाठ भरला तरी वर हवेची पोकळी उरतेच. म्हणून भरलेला डबा पाण्यात टाकला तर तरंगतो. आणि मुठी तीन! मधली धरून एकट्याने न्यावा, कडेच्या दोन धरून दोघांनी न्यावा; रिकामे असले तर शेजारी शेजारी धरून एका हातात दोन. रांगेतल्या माणसाला पुढच्याच्या हाती देताना आपली मूठ सोडण्याआधी त्याला त्याची मूठ सापडते. घागरीला आपण कान दिला, कळशीला काठ दिला. पण ही तिसरी मूठ कोणाला सुचली नव्हती.

या डब्याची एक गोष्ट हिंदुस्थानच्या वाटेवर घडलेली आहे. १९३९ साली बर्लिनमध्ये पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर होता. त्याने स्वतः एक मोटार बांधली आणि एका जर्मन सहकाऱ्याला घेऊन बर्लिनहून हिंदुस्थानकडे निघायचे ठरवले. निघायच्या वेळी लक्षात आले, की वाटेत पिण्याचे पाणी भरून ठेवायला काहीच नाही! (आमच्या घरची मंडळी हे वाचून म्हणाली, "बरोबर बायको नव्हती, दुसरं काय!") त्या जर्मन मित्राला ठाऊक होते, की टेंपलहॉफ विमानतळावर या डब्यांची रास पडली आहे. त्याने तीन डबे उचलून आणले. दोघांनी अकरा देशांच्या सरहद्दी ओलांडल्या. मग गोरिंगने विमान पाठवून त्या जर्मनाला माघारी नेले. जाण्यापूर्वी त्याने प्लाइसला डब्याच्या बनावटीची सगळी माहिती देऊन टाकली. प्लाइस एकटाच पुढे निघाला, कलकत्त्यापर्यंत आला, मोटार तिथे ठेवून दिली आणि विमानाने अमेरिकेला परतला. तिथे त्याने लष्करातल्या लोकांना डब्याविषयी सांगितले. नमुना असल्याशिवाय बोलू नका, असे उत्तर. नमुना कलकत्त्याला मोटारीत! पुढे ती मोटार लांबच्या वाटेने न्यूयॉर्कला पोहोचली, त्यातला एक डबा वॉशिंग्टनला गेला, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धातले आपले जुने डबेच बरे, असा निकाल दिला. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही इथे अमेरिकेविषयी आपुलकी वाटेल. शेवटी दोन्ही देशांना तो डबा जसाच्या तसा, किंवा थोडा बिघडवून, करावाच लागला.

विलीज जीप युद्धात उतरली तेव्हा तिच्या मागे डाव्या बाजूला असा एक डबा, उजव्या बाजूला स्टेपनी, आणि चालकाच्या कुशीला फावडे व कुऱ्हाड, हा पेहराव ठरून गेला. स्वातंत्र्यानंतर मुंबईला माझगावात जीपगाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यांच्याबरोबर तो आपल्या डोळ्यांच्या सवयीचा झाला. बाबूरावांनी जो साज चढवला होता तो हा. फक्त जीपला तो शोभेसाठी दिलेला नव्हता. आत माणसे बसायची तिथे पेट्रोलची वाफ कोंडली तर एक ठिणगी पुरे, म्हणून डबा बाहेर. चिखलाने माखलेले फावडे मांडीवर घेऊन कोणी बसत नाही, शिवाय लागेल तेव्हा ते उतरताच हाताशी हवे, म्हणून फावडे बाहेर. बैलगाडीच्या वंगणाच्या नळीचीच ही रीत.

या डब्याबाबत आपल्या कायद्याचेही म्हणणे आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल गाडीच्या टाकीखेरीज ठरावीक मर्यादेपर्यंतच परवान्याशिवाय जवळ ठेवता येते, आणि ते घट्ट बुचाच्या, फार तर पंचवीस लिटरच्या धातूच्या भांड्यात. म्हणजे वीस लिटरचा डबा चालतो, मर्यादा ओलांडली की तुम्ही परवान्याच्या रांगेत. मी हे सांगितले तेव्हा बाबूराव निश्चिंतपणे म्हणाले, "भावोजी, ते रिकामेच आहेत!"

आणि टप! भरलेला एक डबा वीस किलोंचा. जॅक, तंबू, लाकडे, आणि खुद्द कॅरिअरचे लोखंड, असे करत शंभर-दीडशे किलो डोक्यावर कधी जातात कळत नाही. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत टपाला किती वजन झेपेल ते दिलेले असते; ते पान कोणी वाचत नाही. नव्या लँड रोव्हर डिफेंडरच्या लांब गाडीसारख्या धटिंगणालाही चालताना टपावर १६८ किलो, आणि उभी असताना ३०० किलो, अशी दोन निरनिराळी माने सांगितली आहेत. उभ्या गाडीच्या डोक्यावर तंबूत माणसे झोपू शकतात. पण चालत्या गाडीने खड्डा खाल्ला की वरचे वजन तेवढ्या क्षणापुरते दुप्पट-तिप्पट होऊन आदळते. शिवाय डोक्यावर हंडा असलेली बाई वळताना जशी सावकाश वळते, तशी गाडीही वळली पाहिजे. बाईला ते कळते, बाबूरावांना कळत नाही. गाडीच्या पुढे बसवायच्या लोखंडी गार्डाचेही तसेच. धडक बसली तर गाडीच्या अंगाने जो मार सोसायचा तो नीट सोसला जात नाही, म्हणून २०१७च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राज्यांना ते गार्ड काढायला लावण्याविषयी लिहिले. बाबूरावांनी तो बसवला नव्हता, एवढे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

हे सगळे वाचून मी मोठा वाळवंटी झालो होतो. आणि गेल्या फेब्रुवारीत आम्ही दापोलीकडे गेलो. गाडीत बाबूराव, त्यांच्या सौभाग्यवती, चिरंजीव, आम्ही दोघे आणि आमची कन्या. किनाऱ्याचे नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना आम्ही पुरेसा त्रास दिला आहे.

वाळूवर उतरायच्या वाटेवर फलक होता. 'किनाऱ्यावर वाहने नेण्यास सख्त मनाई आहे.' आता मी खरे तेच सांगतो. मी तो फलक वाचला, 'सक्त' हवे तिथे 'सख्त' लिहिले आहे हे सर्वांना दाखवले, आणि वर बाबूरावांना म्हणालो, "पाहू तरी बॅग्नोल्डची वाळू कशी असते ती." दोष त्यांच्यावर ढकलायचा असता तर हे वाक्य लिहिले नसते.

ओहोटी होती. पाण्याजवळची ओली वाळू फरशीसारखी टणक. गाडी अशी धावली, की मुले टाळ्या पिटू लागली. परतताना बाबूरावांनी वळण घेतले ते जरा वरच्या अंगाने, आणि मागचे चाक मऊ वाळूत बसले. त्यांनी जोर दिला. चाक गरगर फिरले आणि टोपलीभर वाळू मागे उडवून आणखी वीतभर खाली गेले. आणखी जोर, आणखी वीतभर. मग गाडीचे पोटच टेकले.

"काही हरकत नाही," बाबूराव खाली उतरून म्हणाले, "याच्यासाठीच तर पट्ट्या आहेत!"

पट्ट्यांना कुलूप होते. चोरी होते म्हणून लावलेले.

"किल्ली?" मी विचारले.

बाबूराव काही बोलले नाहीत. त्यांच्या सौभाग्यवतीच म्हणाल्या, "दिवाणखान्यात, टीव्हीखालच्या खणात."

दिवाणखाना पुण्याला होता.

मग फावडे. ते टपावर चार नटांनी आवळलेले, आणि एक पावसाळा खाऊन नट तांबेऱ्याने एकजीव झालेले. पाना होता, पण मागच्या डिकीत, सहा जणांच्या बॅगांच्या खाली. ओढायचा दोरही तिथेच. आम्ही बॅगा काढून वाळूवर मांडू लागलो, आणि मांडता मांडता माझ्या चपलेत पाणी आले. मी वर पाहिले. समुद्र जवळ आला होता. ओहोटीपासून भरतीला सहा तास लागतात हे भूगोलात वाचले होते. पण ते सहा तास आपण आलो तेव्हापासून सुरू होत नाहीत, हे ध्यानात आले नव्हते. पहिली लाट पुढच्या चाकाला लागून परत गेली तेव्हा बाबूरावांचा चेहरा मी पाहिला. त्या गाडीचे हप्ते अजून पाच वर्षे जायचे होते.

मंडळींनी मुलांना घेऊन सुरूच्या बनाकडे चाल केली. बाबूराव हातांनी वाळू उकरू लागले. उकरलेल्या खड्ड्यात लगेच पाणी भरू लागले. मी वस्तीकडे धावलो. चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक ओल्या पँटीत वाळूवर धावतो तेव्हा कसा दिसत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

होड्या ओढायचा ट्रॅक्टर घेऊन चार-पाच कोळी मंडळी आली. त्यांच्यात एक म्हातारबाबा होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"वर काय बांधलंय?"

"सामान," बाबूराव म्हणाले.

"कसलं?"

"गाडी अडकली तर काढायचं."

म्हातारबाबांनी एकदा टपाकडे पाहिले, एकदा बाबूरावांकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. मग वाळूतली एक काडी उचलून ते चाकाशी बसले. "आधी हवा सोडा हिची. निम्मी." चारही चाकांतून हवा फुस्स करून जाऊ लागली. चाक मऊ झाले की वाळूवर पसरते, टोचत नाही, तरंगते. बॅग्नोल्डच्या लोकांनी वाळवंटात हेच केले होते, मी ते वाचले होते, खूण घालून ठेवले होते. आणि गाडी रुतल्यापासून अर्ध्या तासात ते मला एकदाही आठवले नव्हते. मग होडीखाली घालायच्या दोन फळ्या चाकांपुढे आल्या, दोर लागला, ट्रॅक्टर गुरगुरला, आम्ही मागून खांदा दिला. गाडी एकदा हलली, पुन्हा बसली, पुन्हा हलली, आणि खारे पाणी निथळत वर आली. ती जिथे होती तिथे थोड्याच वेळात गुडघाभर पाणी होते.

बाबूरावांनी खिशात हात घातला. म्हातारबाबांनी फक्त ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे घेतले. मग त्यांनी वरच्या अंगाला कुंपण घातलेली एक जागा दाखवली. "कासवाची अंडी आहेत तिथं. पोरं रोज पहाटे हिंडून गोळा करतात. पण सगळीच सापडतात असं नाही. काही वाळूतच राहतात." एवढे बोलून ते दोर गुंडाळू लागले.

ऑलिव्ह रिडले कासवे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर थंडीत रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि निघून जातात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ती राखण्याचे काम सुरू केले, आणि ते किनाऱ्या-किनाऱ्यांवर पसरले. पिले बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. तोवर वरून दिसणारे काहीच नसते, नुसती वाळू. आम्ही ज्या वरच्या अंगाने वळण घेतले तिथेही नुसती वाळूच होती. आमच्या चाकांखाली काय आले, काही आले की नाही, हे आम्हांला कधीच कळणार नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. फलकावरच्या शुद्धलेखनाची आठवण कन्येने एकदा काढली, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्या दिवशी बाहेरच्या सामानापैकी कामाला आली ती एकच वस्तू. तांबडा डबा रिकामा असतो असे बाबूराव सांगत. पण निघताना आमच्या मंडळींनी त्यात कोणाला न विचारता नळाचे पाणी भरून ठेवले होते, मुलांचे वाळूचे पाय धुवायला. तो नुसत्या खटक्याने अडकवलेला होता, म्हणून निघालाही. सुरूच्या बनात बसून मुलांनी तेच पाणी प्यायले.

पुण्याला आल्यावर गाडी खालून धुतली, खारे पाणी जिथे जिथे शिरले होते तिथे तिथे धुतली, आणि मेकॅनिकचे बिल पाहून बाबूराव दोन दिवस मुकाट होते. मग हळूहळू गाडीचा एकेक दागिना उतरू लागला. कुऱ्हाड आधी गेली; पुण्यात ती कशाला लागणार होती कोण जाणे! कॅरिअर निघाला. फावडे मागच्या दाराच्या आत, हाताला लागेल असे, दोन पट्ट्यांनी बांधले गेले. नारिंगी पट्ट्या राहिल्या, पण कुलूप गेले. टायरातली हवा मोजायचे घड्याळ आणि ती भरायचा छोटा पंप बाबूरावांनी विकत घेतला, आणि तो चालकाच्या सीटखाली असतो.

शिडीचे काय झाले ते मला ठाऊक नव्हते. परवा वसुबारसेला सकाळीच बाबूराव आमच्याकडे आले, ते शिडी खांद्यावर घेऊन. गाडीवरून काढल्यावर त्यांनी तिला खाली दोन रबरी पाय बसवून घेतले होते.

"ताई," ते म्हणाले, "कंदील कुठे लावायचाय?"

मी शिडी धरून उभा राहिलो. बाबूराव वर चढले. मंडळी खालून, "डावीकडे घे, अरे अजून डावीकडे," असे सांगत होत्या. आणि वायर अपुरी पडल्यामुळे कन्या शेजाऱ्यांकडे धावली होती.